जॅकचं आडनाव

कुठलीही गोष्ट रंगवून सांगून झाली की आमचे इंग्रजीचे सर शेवटी दोन शब्द जोडायचे. "खात्री नाही." मुलांनी हसायला नुकतं तोंड उघडलेलं असायचं, आणि हे खडू ठेवून, हात झटकून, चष्मा पुसत म्हणायचे, खात्री नाही. मी शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायचे. मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यामुळे त्यांचा तास मला फुकटात ऐकायला मिळायचा, हवा असो की नसो. बारा वर्षं मी तो ऐकला. आता बोरिवलीच्या शाळेत माझ्या शेजारी गणिताचा वर्ग भरतो आणि तिथे सगळ्याची खात्री असते.

पाठ्यपुस्तकात धड्याखाली इंग्रजी वाक्प्रचार दिलेले असायचे. परीक्षेत विचारतात तो अर्थ, तेवढा सांगून पुढे जायचं. सरांना ते जमत नसे, विशेषतः त्यात कुणाचं नाव असेल तर. जॅक, टॉम, बॉब, लॅरी. हा कोण, कुठला, याचं नाव का घेतात, हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची एक जाड वही होती. तिच्यात तीन रकाने. खरं, खोटं आणि खात्री नाही. पहिला रकाना जवळजवळ कोराच होता, तिसरा मात्र समासात घुसला होता.

बॉबची गोष्ट मला पाठ झाली होती. एखादं काम चुटकीसरशी झालं की इंग्रज म्हणतात, बॉब्स युअर अंकल, बॉब तुझा मामा आहे. का? तर म्हणे तिकडच्या एका पंतप्रधानानं आपल्या भाच्याला मंत्री केलं, आणि भाचा त्याला अंकल बॉब म्हणायचा. आमच्या मुलुंडच्या शाळेतल्या पोरांना ही गोष्ट एका फटक्यात कळायची. कुणाचा मामा महापालिकेत, कुणाचा काका बेस्टमध्ये, वशिला म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नसे. वर्गात हशा उसळायचा, आणि मग सर सांगायचे की हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो त्या भाच्यानंतर कितीतरी वर्षांनी, तेव्हा खात्री नाही. पोरांचे चेहरे पडायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, सर, सांगता कशाला शेवटचं? गोष्ट चांगली रंगते. ते म्हणाले, रंगते म्हणूनच सांगावं लागतं.

टॉमचं त्यांना वाईट वाटायचं. चोरून बघणाऱ्याला पीपिंग टॉम म्हणतात. एका गावची राणीसारखी बाई, लोकांचा कर माफ व्हावा म्हणून घोड्यावर बसून विवस्त्र गावातून गेली, साऱ्या गावानं खिडक्या लावून घेतल्या, एका टॉम नावाच्या शिंप्यानं तेवढं फटीतून पाहिलं आणि तो आंधळा झाला. पण मूळ कथेत हा टॉम नाहीच, तो काही शतकांनी आत घुसडलेला. सर म्हणायचे, गावाला एक जण वाईट हवा होता, मग धरला शिंपी. लॅरीवर मात्र ते चिडायचे. लॅरीसारखा आनंदी, असं म्हणतात. कुणी सांगतं तो ऑस्ट्रेलियातला मुष्टियोद्धा होता, कुणी सांगतं असा कुणी नव्हताच. "इतका आनंदी माणूस आणि पत्ता सापडत नाही, म्हणजे काय बाई?" असं ते मला विचारायचे, जणू मीच त्याला कुठे लपवला होता.

मराठी माध्यमाच्या शाळेत मे महिन्याची सुट्टी शिक्षकांना नसते. मुलांचा पट टिकवायचा म्हणून आम्ही जोडीजोडीनं चाळी नि वस्त्या पालथ्या घालायचो, तुमचं मूल आमच्या शाळेत घाला म्हणून विनवायचो. लोक प्यायला पाणी द्यायचे आणि मूल इंग्रजी शाळेत घालायचे. माझी जोडी सरांशी. घामानं निथळत असताना रस्त्याकडेला कुणी टेम्पोचं चाक बदलताना दिसलं की हे थांबलेच. त्या मेकॅनिकला सांगायचे, याला जॅक का म्हणतात ठाऊक आहे? तिकडे हमालाला, नोकराला, कुणाही कष्टकऱ्याला जॅक म्हणायचे. पुढे त्याचं काम करणारं यंत्र आलं, मग त्या यंत्रालाच त्याचं नाव दिलं. मेकॅनिक म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा ना, गाडी घसरेल." सरांनी माफी मागितली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दारात गेल्यावर एक गोष्ट नेहमी घडायची. मी आमची ओळख करून द्यायचे आणि सर स्वतःचं नुसतं पहिलं नाव सांगायचे. समोरचा माणूस थांबायचा. पुढचं ऐकायला. सर पुढचं सांगायचे नाहीत. ते जालन्याकडच्या एका खेड्यातले, वडील गोदीत कामाला आले आणि घाटकोपरला राहिले, त्याच दोन खोल्यांत सर आता एकटे राहतात. दारावर पाटी आहे, तिच्यावरही पहिलंच नाव. आडनाव कशाला विचारतात ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. हजेरी घेतानासुद्धा ते आडनावं गाळून वाचायचे. वर्गात तीन ओंकार असले तर पहिला ओंकार, दुसरा ओंकार, तिसरा ओंकार. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी यावरून एकदा त्यांना ऑफिसात बोलावलं. सर म्हणाले, मोठ्या बाई, जॅकनं जगाची इतकी कामं केली, त्याला आडनाव कुणी विचारलं?

हा मुद्दा ते आठवीच्या वर्गातही मांडत होते, तेव्हा मागच्या बाकावरून सुजाता नावाची मुलगी म्हणाली, "पण सर, जॅक रॉबिन्सनला तर आहे की आडनाव." डोळ्याचं पातं लवायच्या आत असं आपण म्हणतो, तसं इंग्रज म्हणतात, जॅक रॉबिन्सन हे नाव उच्चारायच्या आत. हा गृहस्थ म्हणे लोकांकडे जायचा आणि नोकरानं आत जाऊन त्याचं नाव सांगेपर्यंत निघूनही जायचा. सर इतके खूश झाले की मला पार्टिशनच्या अलीकडे त्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. मग म्हणाले, शाब्बास, पण याचं आडनाव सापडतं तर माणूस सापडत नाही. खात्री नाही. सुजाता काळीसावळी, बोटभर वेणीची, वडील रिक्षा चालवायचे. त्या वर्षी गणपतीला ती गेली ती शाळेत परत आलीच नाही.

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. घरी मी आणि आई. आईला अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शाळा घरापासून आठ मिनिटांवर. मधल्या सुट्टीत मी धावत घरी जायचे, तिला मऊ भात भरवायचे आणि घंटेच्या आत परत यायचे. कामाला बाया ठेवून पाहिल्या, एकही महिनाभर टिकली नाही. आमचं आयुष्य त्या आठ मिनिटांवर उभं होतं. आणि त्याच वर्षी मोठ्या बाईंनी सांगितलं की पट अगदी काठावर आलाय, आणखी एक नाव कमी झालं की भाषेचं एक पद जाणार. पद गेलं की कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जागा असेल त्या शाळेत पाठवला जातो. कनिष्ठ मीच होते. जागा बोरिवलीत होती.

म्हणजे सगळं सुजाताच्या नावावर आलं. तिनं शाळेतून दाखला नेलेला नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरवर ती आमचीच विद्यार्थिनी होती. पडताळणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्गशिक्षकानं ती नियमित येते असं लिहून सही करायची, की झालं. वर्गशिक्षक सर. मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं, ते नाही म्हणाले. आदल्या एका वर्षी त्यांनी असंच दोन मुलांबद्दल साहेबांना तोंडावर सांगितलं होतं की ती शाळा सोडून गेली आहेत, आणि शाळेत कुणी त्यांच्याशी आठवडाभर बोललं नव्हतं. मग मीच गेले. स्टाफरूममध्ये दोघंच होतो. मी रडले वगैरे नाही, तेवढा दम उरला नव्हता. एवढंच म्हटलं की सर, आईला दुपारी कोण भरवेल ते तुम्ही सांगा.

पडताळणीचे साहेब जुनेच निघाले. सरांना पाहून हसले, म्हणाले, तुम्ही ते खात्री नाही म्हणणारे सर ना. हजेरीपट उघडला आणि सुजाताच्या नावावर बोट ठेवून विचारलं, ही आज दिसत नाही? मी दारात उभी होते. सर म्हणाले, "येते. रोज येते. आज ताप आहे." साहेबांनी डोकी मोजायला सुरुवात केली होती ती सोडून दिली. तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच मिटला, म्हणाले, आणि सही घेतली. मोठ्या बाईंनी चहाबरोबर सामोसे मागवले. मला एवढं हायसं वाटलं की मी दोन खाल्ले, लाज वाटायला दोन दिवस लागले.

सर चहा न घेता स्टाफरूममध्ये येऊन बसले. मी कप नेऊन ठेवला. तो बाजूला सारून म्हणाले, "बाई, इतकी वर्षं शोधतोय. एक तरी गोष्ट हवी होती, जिचं मूळ मला पक्कं ठाऊक आहे. आज सापडली." वही पुढ्यात होती पण त्यांनी ती उघडली नाही. मग म्हणाले, आता तिला आणायला हवं. टॉम आणि लॅरीचं काही करता येत नाही, ते गेले. 'रोज येते' हे वाक्य अजून खरं करता येईल.

त्यानंतर प्रत्येक रविवारी ते सुजाताला शोधायला जाऊ लागले. आधी तिच्या वस्तीत, मग वडिलांच्या रिक्षा स्टँडवर. वडील म्हणाले, येईल सर पुढच्या महिन्यात, आणि भाडं घेऊन निघून गेले. ट्रॉम्बेला कुणी मावशी आहे असं कळलं, तिथे दोन खेपा वाया गेल्या. अखेर समजलं की आई आजारी पडून गावी गेली आहे आणि मुलगी वाकोल्याला आत्याकडे आहे. त्या रविवारी ते मला म्हणाले, तुम्हीही चला. जायची माझी इच्छा नव्हती. पण मागणं माझंच होतं, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. आईजवळ शेजारच्या वहिनींना बसवलं आणि निघाले.

वाकोल्यात एका अरुंद गल्लीत, लोखंडी जिन्यावर, कडेवर आत्याचं बाळ घेऊन सुजाता उभी होती. आम्हाला पाहून तिनं आधी बाळाचं नाक पुसलं, मग आम्हाला नमस्कार केला. आत्या काही वाईट बाई नव्हती. सकाळी चार घरची कामं करायची, दुपारी बाराला परत यायची. ती सरळ म्हणाली, "मुलुंडला पाठवून मी बाळाला कुणाकडे ठेवू? इथल्या दुपारच्या शाळेत घाला ना हिला, मी कुठे नको म्हणते." सर चमकले. इतका साधा उपाय त्यांच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही. आम्ही दोघं तिला मुलुंडला ओढून न्यायलाच आलो होतो.

सोमवारी सरांनी रजा टाकली आणि आत्याला, सुजाताला घेऊन तिथल्या शाळेत गेले. परत आले ते शाळा सुटायच्या वेळी. मी गेटपाशी भेटले. तिथल्या लिपिकानं कॉम्प्युटरवर सुजाताचा नंबर घातला आणि म्हणाला, अहो, ही तर मुलुंडला रोज हजर आहे, तुमचीच सही आहे, मी हिला कशी घेऊ? आधी तिकडून नाव सोडा. सुजाता शेजारी उभी राहून हे ऐकत होती. तिनं सरांना विचारलं, "सर, मी रोज येते का?"

हे सांगून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, बाई, मी तुम्हाला काही विचारणार नाही. बस स्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चाललो. तेव्हा तू काय विचार केलास, असं लोक आता विचारतात. काहीच केला नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं, खूप दिवस एखादं दार पाठीनं दाबून धरावं तसं. मी म्हटलं, सर, सोडा तिचं नाव. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र दिलं. आपण पडताळणीत खोटं सांगितलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं, मोठ्या बाई हवालदिल झाल्या तरी एक शब्द बदलला नाही. त्यांना नोटीस आली, त्यांची एक वेतनवाढ थांबली. सुजाता आठवड्याभरात वाकोल्याच्या शाळेत बसली. माझं नाव अतिरिक्तच्या यादीत आलं. हो मी म्हटलं होतं, तरी त्या दिवसापासून मी सरांशी बोलणं बंद केलं. हे न्यायाचं नव्हतं, मला कळत होतं. मला कुणावर तरी रागवायचं होतं आणि गावात शिंपी तेवढा एकच होता.

जूनमध्ये मी बोरिवलीला रुजू झाले. दोन बस, कधी रिक्षा, जायला पावणेदोन तास. वहिनींना किल्ली दिली होती, त्या आईपुढे भात ठेवते म्हणाल्या होत्या, पण त्यांचीही नोकरी, बसून भरवणं त्यांना शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घाबरत फोन केला. वहिनी म्हणाल्या, "अगं, तुझे सर आलेत. मी निघतच होते, तेवढ्यात येऊन त्यांनी किल्ली मागितली. बसलेत वाटी घेऊन." त्यांनी मला विचारलं नव्हतं. शाळेची घंटा झाली की आठ मिनिटं येणं, आठ मिनिटं जाणं, मधे आई. रविवार सोडून रोज.

माझी आई म्हणजे आडनाव कळल्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी न पिणारी बाई. मी तिची मुलगी, हे लिहिताना मला लाज वाटते, पण होतं ते असं होतं. आता तिला वाचाच नाही, तेव्हा विचारायची सोय उरली नव्हती. पण डोळे शाबूत होते, आणि माझ्या मते तिनं ओळखलं असणार. वहिनींनी सरांकडून ऐकून सांगितलं की पहिले दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. सर वाटी घेऊन बसून राहिले, घंटेच्या वेळेला उठले, वाटी झाकून गेले. तिसऱ्या दिवशी काय बोलावं ते न सुचून त्यांनी तिला बॉबची गोष्ट सांगितली. भाचा मंत्री झाला तिथवर आल्यावर तिचं अर्धं तोंड हसलं आणि सरांनी तेवढ्यात चमचा आत घातला. ते आता तिला रोज एक गोष्ट सांगतात. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे आई वेळ झाली की उशीवर डोकं दाराच्या बाजूला वळवून ठेवते.

मला हे सारं वहिनींकडून कळत होतं. मी सरांना फोन केला नव्हता, त्यांनीही मला केला नव्हता. संध्याकाळी घरी यावं तर वाटी घासून पालथी ठेवलेली असायची. आभार मानावेत तर राग आडवा यायचा, आणि रागवावं तर ती वाटी दिसायची. रविवारी मी घरी असते तेव्हा आई दोन घास खाते आणि थांबते. मी चमचा पुढे करते, ती ओठ मिटून दाराकडे बघते. मी बॉबचं, टॉमचं सांगून पाहिलं. मला पाठ आहेत, पण ते तिला माझ्याकडून नको असतं.

मागच्या रविवारी भात दोनदा गरम केला. मग मी फोन उचलला आणि सरांना म्हटलं, "सर, आई तुमच्याशिवाय जेवत नाही. मीही थांबलेय. तिघांचा स्वयंपाक केलाय, या."